फेडीचा क्रम

महाभारताच्या वनपर्वात यक्ष धर्मराजाला जे प्रश्न विचारतो त्यांत सुखी कोण, असाही एक प्रश्न आहे. आणि चौघे भाऊ तळ्याकाठी निष्प्राण पडलेले असताना धर्मराज त्याचे जे उत्तर देतो, ते राजाच्या मुखापेक्षा एखाद्या अल्पभूधारक कुणब्याच्या मुखी अधिक शोभावे असे आहे. ज्याच्या डोक्यावर कोणाचे ऋण नाही, ज्याला पोटासाठी घर सोडून परमुलखी जावे लागत नाही, आणि दिवस कलता कलता का होईना, पण जो आपल्याच घरी भाजीपाला शिजवून खातो, तो सुखी, असे युधिष्ठिर सांगतो. या उत्तरातल्या पहिल्या दोन अटी व्यासांनी शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांचा परस्परसंबंध मात्र सांगितला नाही. तो ज्याला पाहायचा असेल त्याने धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात सोयाबीनची रास मोडल्यानंतरच्या दिवसांत एक फेरी मारावी. शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ताण दिला किंवा काढणीच्या वेळी तो धो धो कोसळला की दिवाळीची देणी थकतात, देणी थकली की तगादे लागतात, आणि तगादे असह्य झाले की ज्या घरात काल दोन माणसे हिंडत-फिरत होती त्या घराला कुलूप लागून नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला किंवा नुसत्या हाता-पायांच्या भरवशावर पुण्याला निघून जातात. ऋण आधी आणि प्रवास नंतर, असा इथला क्रम आहे.

अशा घराचे देणे एका वहीत लिहिलेले कधीच सापडत नाही. सोसायटीचे पीककर्ज सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढलेले असते. बचत गटाचे कर्ज घरातल्या बाईच्या नावावर असते आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या ओट्यावर, दहा जणींच्या साक्षीने द्यावा लागतो. किराणा दुकानदाराच्या लांबट वहीत तेल, साखर, चहापत्तीची उधारी साचत असते. बायकोच्या गळ्यातली पोत सोनाराकडे किंवा बँकेत तारण असते. मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले पैसे कोणत्याच कागदावर नसतात. आणि या सर्वांच्या तळाशी, ज्याचे नाव घरात मोठ्याने घेतले जात नाही अशा एखाद्या गृहस्थाचे ‘शेकडा पाच’चे पैसे असतात. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये. साल धरले तर साठ.

यांतल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग कर्जांची गाठ कशी पडते हे पाहण्यासारखे आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याजसवलत योजना मिळून शेतकऱ्याच्या वाट्याचे व्याज शून्यावर येते. पण मुदत मार्चअखेरची, आणि मार्चअखेर हाताशी रोकड असणारा शेतकरी या भागात विरळा. मग तो आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर खाजगीतून रक्कम उचलतो, सोसायटीत भरणा करतो, नव्या हंगामाचे कर्ज मंजूर होऊन खात्यावर पडले की ती रक्कम जशीच्या तशी, वर आठ-पंधरा दिवसांचे ‘वरचे’ घालून, परत नेऊन देतो. याला गावात ‘नवं-जुनं करणे’ म्हणतात. सोसायटीच्या दफ्तरी तो नियमित खातेदार ठरतो, व्याज शून्य दिसते, आणि मुद्दल मात्र बापाच्या वेळी जेवढे होते त्याहून रुपयाने कमी झालेले नसते. वर्षानुवर्षे हा भरणा चालतो आणि त्यात फेड अशी काही होतच नाही.

अशा माणसापुढे जाऊन कर्ज हे पाप आहे असे सांगणारे धर्मोपदेशक पुष्कळ आहेत, आणि त्यांना आधारही मिळतो. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात इहलोकी आणि परलोकी अनृण व्हावे म्हणून केलेल्या प्रार्थनाच आहेत. परंतु याच वैदिक वाङ्मयात दुसरा एक विचार आहे आणि तो मला अधिक खोल वाटतो. तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडायचे; शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण घातले आणि ते अतिथीला अन्न व आसरा देऊन फेडावे असे म्हटले. ब्राह्मण हा शब्द तेथून काढून माणूस हा शब्द घातला, आणि तो आज घालायलाच हवा, तर या विचाराचा अर्थ असा होतो की ऋणको असणे ही माणसाची मूळचीच अवस्था आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि प्रत्येक घरावर एकाच वेळी अनेकांचे देणे असल्यामुळे खरा धर्मप्रश्न फेडावे की नाही हा नसून, कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, हा आहे.

हा प्रश्न एकदा असा मांडला की पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. हप्ता चुकू नये म्हणून मुलीला आठवीतून काढून सोयाबीन काढणीच्या टोळीत पाठवणारा बाप आपण प्रामाणिकपणे कर्ज फेडतो आहोत असे समजत असतो, आणि सावकाराच्या हिशेबी तो प्रामाणिक असतोही. पण वर सांगितलेल्या ऋणांच्या खातेवहीत त्याने एका धनकोचे पैसे दुसऱ्या धनकोकडून, म्हणजे ऋषिऋणाच्या खात्यातून, परस्पर उचललेले असतात. ज्या तालुक्यात हिप्परग्यासारख्या आडवळणी गावी निजामाच्या अमदानीत राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखा पुरुष तेथे मास्तरकी करीत राहिला, त्या तालुक्याला तरी अध्ययन हे देणे आहे हे पटवून द्यावे लागू नये. गाडगेबाबा कर्ज काढून लग्न आणि सण करणाऱ्यांना कीर्तनात उभे-आडवे झोडपत, आणि त्याच दमात, ताट विकावे लागले तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे सांगत. बाबा शास्त्री नव्हते; तथापि फेडीचा क्रम त्यांच्या इतका स्वच्छ मला कोणा शास्त्र्याने सांगितलेला आढळला नाही.

शास्त्र्यांनी काय सांगितले तेही पाहणे अगत्याचे आहे, कारण तो इतिहास लोहाऱ्याच्या अगदी उंबरठ्यावर घडलेला आहे. उमरग्यापलीकडे, आज कर्नाटकच्या बीदर जिल्ह्यात गेलेले आणि १९५६ पर्यंत उस्मानाबादेसह, म्हणजे आजच्या धाराशिवासह, एकाच हैदराबाद राज्यात असलेले कल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या-बाराव्या शतकांच्या सांध्यावर, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली आणि पुढे इंग्रजी न्यायालयांनीही महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांचे देणेघेणे तिच्याच आधारे निवाड्यात घेतले. या स्मृतीच्या ऋणादान प्रकरणात तारण असलेल्या कर्जाला दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा हिस्सा, म्हणजे साल पंधरा टक्के, असे व्याज सांगितले आहे, जे आजच्या सोनेतारणाच्या व्यवहारापासून फार लांबचे नाही. विनातारण कर्जाचा दर मात्र ऋणकोच्या वर्णाप्रमाणे चढतो: ब्राह्मणाला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. लोहाऱ्याच्या सावकाराने याज्ञवल्क्य वाचलेला नसतो, परंतु ज्याच्याकडे गहाण ठेवायला काही नाही आणि ज्याला बँकेच्या दारात कोणी ओळखत नाही, त्याच्यासाठीचा दर हजार-दीड हजार वर्षांनंतरही शेकडा पाच हाच निघावा, याला योगायोग म्हणून सोडून द्यायला माझे मन धजत नाही.

त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे, जो वाचून मी थबकलो. ऋणको पार खंगलेला असेल, तर हीनजातीयाकडून कर्जापोटी काम करून घ्यावे. ब्राह्मण खंगलेला असेल, तर मात्र त्याच्याकडून जशी प्राप्ती होईल तसे हळूहळू वसूल करावे. एका वाक्याच्या दोन चरणांत वेठबिगारी आणि हप्तेबंदी अशी शेजारी बसवली आहे. त्यातला दुसरा चरण हा ऋणविषयक धर्माचा परमोच्च विचार आहे आणि पहिला चरण हा त्या धर्माचा कलंक आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. उचल घेऊन कारखान्याच्या फडात गेलेल्या जोडप्याला कोयता हाती धरून ती फेडावी लागते, हा पहिला चरण अद्याप जिवंत असल्याचा पुरावा आहे, मग १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा काहीही म्हणो. येथे कुराणाची आठवण होते, आणि ज्या मुलखात मराठी आणि दखनी शेजारी शेजारी नांदल्या तेथे ती व्हावी हे सरळच आहे: दुसऱ्या सूरेत ऋणको तंगीत असेल तर त्याची तंगी फिटेपर्यंत त्याला मुदत द्यावी आणि सोडूनच दिले तर ते अधिक पुण्याचे, असे सांगताना ऋणकोची जात विचारलेली नाही. याज्ञवल्क्याने एका वर्णाला दिलेली सवलत तेथे सर्वांची झाली.

तरीही आपल्या परंपरेला एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. व्याजाला तिने शेवट ठेवला. मुद्दलाच्या दुपटीपलीकडे एका वेळी वसुली करता येणार नाही, हा मनूने सांगितलेला आणि दामदुपट या नावाने मराठी मुलखाच्या अंगवळणी पडलेला नियम पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या अमदानीतून तरून आला. आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये हे तत्त्व आहे. म्हणजे धनकोचा हक्क पवित्र असला तरी अनंत नाही. दहा हजार रुपये शेकडा पाचने घेतले आणि दरमहा केवळ पाचशे व्याज देत राहिले, तर वीस महिन्यांत दहा हजार देऊन होतात. या कायद्याच्या न्यायाने व्याजाचा हक्क तेथेच संपतो. एकविसाव्या महिन्याला जो पाचशे मागतो, त्याच्या पाठीशी कायदा नाही.

बापाच्या कर्जाचे काय, हा प्रश्न या भागात पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासच्या गावांनी घराघरांतले कर्ते पुरुष एका क्षणात गमावले. आणि पुढच्या वर्षांत नापिकीने व तगाद्यांनी या जिल्ह्यातले किती कर्ते एकेकटे नेले, ते येथे कोणाला सांगायला नको. मिताक्षरेच्या मते पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य होय, वाट्याला इस्टेट येवो वा न येवो. मात्र दारू, जुगार आणि बाहेरख्यालीपायी केलेले कर्ज मुलाने देऊ नये, असा अपवाद खुद्द स्मृतीत आहे. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने केवळ पुत्रधर्माच्या आधारे मुलावर वा नातवावर वसुली लावण्याची मुभा न्यायालयांपुरती काढून टाकली; दुरुस्तीनंतरच्या कर्जाला मृताच्या मागे राहिलेली मालमत्ता जबाबदार, मुलाचे हातपाय नाहीत. विधवेच्या दारात बसून, नवऱ्याच्या आत्म्याला शांती हवी असेल तर पैसे टाक, असे म्हणणारा माणूस ज्या धर्माचा हवाला देतो तो धर्म त्याने वाचलेला नसतो. मृत्यूने कर्ज फिटत नाही, हे तितकेच खरे. घरात जो बोलेनासा झाला आहे त्याला हे वेळीच, त्याच्याजवळ बसून, सांगणारे माणूस असले पाहिजे.

कल्याणला विज्ञानेश्वरानंतर काही दशकांतच दुसरा एक विचार जन्मला. राजा बिज्जलाच्या दरबारी भांडाराचा कारभार पाहणाऱ्या बसवण्णांनी कायक म्हणजे श्रम आणि दासोह म्हणजे वाटून देणे या दोन तत्त्वांवर शरणांचा समाज उभा केला, आणि त्या समाजातल्या आयदक्की मारय्या व लक्कम्मा या दांपत्याची कथा लोहारा-उमरग्याच्या लिंगायत घरांतून आजही सांगतात. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्या नित्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन आला, तेव्हा आपल्याला रोज लागतात तेवढेच ठेवून उरलेले जेथून आणले तेथे टाकून या, असे लक्कम्माने त्याला बजावले. कथा अप्रतिम आहे, पण तिचा उपयोग जपून करावा. ज्याच्या घरात रोजचेच पुरत नाही त्याला लक्कम्मेची गोष्ट सांगणे हा एक सभ्य निर्दयपणा आहे. ती सांगायचीच असेल तर लग्नात मंडपाची रुंदी भावकीच्या मंडपाशी ताडून पाहणाऱ्यांना सांगावी, कारण तेथे उसने घेतलेला पैसा गरजेचा नसून नजरेचा असतो.

आता प्रत्यक्ष क्रमाकडे येऊ. समजा, घरात महिन्याला पंधरा हजार येतात, आणि खाणे, दवाखाना, वीज, शाळा आणि आठवड्याचे हप्ते वजा जाता दोन हजार उरतात, ज्यांतले पाचशे ‘शेकडा पाच’च्या व्याजाला जात असतात आणि दीड हजार कधी या देण्याला, कधी त्या देण्याला थोडे थोडे वाटले जातात. सर्वांना थोडे देऊन सर्वांचे तोंड बंद ठेवणे ही संसारी माणसाची स्वाभाविक वृत्ती. याज्ञवल्क्याने तर घेतलेल्या क्रमाने कर्ज फेडावे असे सांगितले. पण हिशेब वेगळे सांगतो. तेच दोन हजार दरमहा एकट्या सावकाराला, व्याज वजा जाता उरलेले मुद्दलात जमा करण्याच्या बोलीवर दिले, तर दहा हजारांचे ते कर्ज सहाव्या महिन्यात निल होते आणि एकूण बारा हजारांच्या आतच देऊन होतात. त्यानंतर तेच दोन हजार पुढच्या महागड्या देण्याकडे वळवता येतात. महाग ते आधी, हा क्रम रोकड्या शहाणपणाचा आहे.

परंतु तेवढाच क्रम धरला तर मेव्हण्याचा नंबर शेवटी लागतो, कारण त्याने व्याज घेतलेले नाही. आणि येथे अंकगणित आणि विवेक यांची फारकत होते. बिनव्याजी पैसे देणाऱ्याने कागद केला नाही, तारण घेतले नाही, आपल्या शब्दाखेरीज त्याच्या हाती काही नाही. म्हणजे सर्वांत दुबळा धनको तोच, आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत मोठाही तोच. माझे मत असे की पैसे सावकाराला आधी द्यावेत आणि तोंड मेव्हण्याला आधी दाखवावे. त्याच्या घरी जाऊन, अमुक महिन्यापर्यंत तुमचे देणे होणार नाही, आधी हे एक विष बाहेर काढतो, असे स्वच्छ सांगावे. बहुतेक नाती थकलेल्या पैशांनी तुटत नाहीत. समोरून येताना पाहून बोळात वळणाऱ्या पावलांनी तुटतात. किराणा दुकानदाराच्या बाबतीतही तेच. घरात नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवलेले कर्ज तर सर्वांत महाग, त्याला शेकडा किती पडतो ते कोणत्याच वहीत निघत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दोघांनी एका कागदावर सगळी देणी मांडावीत, चूल पेटलेली असताना मांडावीत, आणि त्या दिवशी कोणी कोणाला दोष देऊ नये.

रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून सूक्ष्मवित्त कर्जांना असा दंडक घातला आहे की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. धनकोच्या दृष्टीने निम्मे ही मर्यादा ठीक असेल. ज्या घरात उत्पन्नाचे निम्मे हप्त्यांत जाते तेथे मात्र एका तापाने किंवा एका मोडलेल्या मोटारीने नवे कर्ज उभे राहते. म्हणून फेडीच्या काळातही दोन-चारशे रुपये बाजूला टाकणे हा धनकोंशी केलेला कपटव्यवहार नाही; तो त्यांच्याच पैशाचा जामीन आहे. तुळजापूरच्या आईचा नवसही वर्षभर पुढे ढकलायला हरकत नाही. सबंध जिल्ह्याची कुलस्वामिनी लेकराची ओढाताण पाहून रागावेल, असे मानणे हाच तिचा अपमान.

माफीविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. दुष्काळात स्वतः दिवाळे सोसलेल्या तुकोबांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. ती माफी त्यांच्या स्वतःच्या पैशाची होती. २००८, २०१७ आणि २०१९ या साली सरकारांनी दिलेल्या माफ्या सरकारी खजिन्यातल्या होत्या. त्यांनी अनेक सातबारे कोरे केले, त्यांचे मोल कमी लेखू नये. पण त्या बँकेच्या आणि सोसायटीच्या दारापर्यंत पोहोचल्या. किराणा, गटाचा हप्ता आणि शेकडा पाच यांच्यापर्यंत कोणतीही माफी आजवर आलेली नाही, आणि तिच्या आशेवर ही देणी थांबवणे आत्मघाताचे आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लुटवली, तेव्हा त्या धान्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने देवाने बीदरला जाऊन भरली अशी कथा आहे, आणि तिच्यात मला सर्वाधिक भावणारा तपशील हा, की साक्षात परमेश्वरानेही बादशहाकडून रसीद घेतल्याखेरीज दरबार सोडला नाही. याज्ञवल्क्यही तेच सांगतो: जेवढे द्याल तेवढे रोख्याच्या पाठीवर लिहून ठेवावे किंवा धनकोने स्वहस्ते पावती द्यावी, आणि सर्व फिटल्यावर रोखा फाडून टाकावा. तेव्हा ज्यांनी शेवटचा हप्ता दिला असेल त्यांनी त्याच दिवशी, चहा पिऊन उठण्यापूर्वी, फारखतीची पावती, सहीचे कोरे मुद्रांक आणि कोरे धनादेश परत मागून घ्यावेत, बँकेकडून निल दाखला घेऊन तलाठ्याकडे सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्यावा. आणि कर्जापोटी बेकायदा सावकाराने जमीनच लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे ती परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो.